फ्रॅटर्निटीवरच्या विकिपीडिया लेखांवर काम करताय? या चुका टाळा

मागच्या महिन्यात एका नवीन मुलाने एका फ्रॅटर्निटीच्या लेखातल्या टेबलमधून अकरा ओळी उडवल्या, कारण काय तर "हे चॅप्टर बंद पडलेत". त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, त्याला वाटलं आपण साफसफाई करतोय, पण त्या अकरा ओळींसाठी आमच्यातल्या एकाने कितीतरी रात्री कॉलेजांची जुनी इयरबुकं, म्हणजे वार्षिकांक, चाळली होती. ओळी परत आणल्या, त्याला चर्चापानावर, म्हणजे लेखाला जोडलेल्या चर्चेच्या पानावर, नीट सांगितलं, तोही समजला आणि आता रोज येतो. पण हे असं वरचेवर होतं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेतल्या कॉलेजांत ग्रीक अक्षरांची नावं असलेल्या विद्यार्थ्यांच्या संस्था असतात, मुलांची ती फ्रॅटर्निटी, मुलींची ती सोरॉरिटी, आणि प्रत्येक कॉलेजातली शाखा म्हणजे चॅप्टर. ग्रीक अक्षरांची पहिली संस्था फाय बीटा कॅपा, ५ डिसेंबर १७७६ ला व्हर्जिनियातल्या विल्यम अँड मेरी कॉलेजात सुरू झाली, ती आता गुणवंतांची ऑनर सोसायटी आहे. मग १८२५ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या युनियन कॉलेजात कॅपा अल्फा सोसायटी, १८२७ मध्ये तिथेच सिग्मा फाय आणि डेल्टा फाय, आणि पुढे देशभर पसरलं. इंग्रजी विकिपीडियावर या सगळ्यासाठी वेगळा विकिप्रकल्प, म्हणजे या विषयाच्या लेखांवर मिळून काम करणारा गट, आहे, मी पुण्यात बसून रात्री जेवणं झाली की तिथे काम करतो.

इथे भांडणं जास्त का होतात ते आधी लक्षात घ्या. या लेखांवर येणारा माणूस बहुतेक वेळा एक तर त्या संस्थेचा सदस्य असतो, तेही आयुष्यभरासाठी, नाहीतर तिच्यामुळे पोळलेला असतो, आणि दोघांनाही खरंच बरंच माहीत असतं. पण "मला माहितीये" यावर लेख उभा राहत नाही हो, वाचणाऱ्याला ते तपासता आलं पाहिजे, म्हणून पहिला प्रश्न कायम एकच, कुठून कळलं? खालच्या जवळजवळ सगळ्या चुका हा प्रश्न राहून गेल्यामुळे होतात.

बंद चॅप्टर उडवू नका

सुरुवात त्या अकरा ओळींपासूनच करतो. आमच्या याद्यांत चालू चॅप्टर ठळक अक्षरांत आणि बंद चॅप्टर तिरक्या अक्षरांत असतात, आणि टेबलच्या वर तसं लिहिलेलं असतं, पण ते वाचतं कोण. समजा एका चॅप्टरला १९२१ मध्ये चार्टर, म्हणजे मूळ संस्थेची अधिकृत मान्यता, मिळालं, मंदीत १९३६ ला बंद पडलं, १९५२ ला परत सुरू झालं, १९७१ ला परत बंद. तर तारखेच्या रकान्यात १९२१–१९३६, १९५२–१९७१ असं पूर्ण यायला हवं. लोक काय करतात, नुसतं १९२१ ठेवतात नाहीतर नुसतं १९५२, आणि मग पुढचा माणूस येऊन "दोन स्रोतांत दोन तारखा आहेत, एक चूक आहे" म्हणून एक काढून टाकतो. दोन्ही बरोबर असतात. दुसऱ्या महायुद्धात मुलं लढायला गेली आणि कितीतरी चॅप्टर काही वर्षं झोपले, त्यामुळे १९४० च्या आसपास असा खड्डा दिसला तर लगेच चूक समजू नका, आधी शोधा.

यातच आणखी एक भानगड. चार्टर मिळायच्या आधी काही काळ तो गट "कॉलनी" म्हणून चालतो, हल्ली बऱ्याच संस्थांनी हा शब्द बदललाय. कॉलनीची तारीख चार्टरच्या रकान्यात गेली की सगळ्या चॅप्टरचा क्रम बिघडतो. आणि ओमेगा चॅप्टर दिसलं की थांबा, अल्फा फाय अल्फासारख्या काही संस्थांत ते नाव दिवंगत सदस्यांसाठी राखून ठेवलेलं असतं, म्हणजे "ओमेगा चॅप्टरमध्ये गेले" याचा अर्थ ते वारले. मी एकदा अशाच एका माणसापुढे "कॉलेज कोणतं ते शोधा" अशी खूण टाकली होती, एका वयस्कर सदस्याने फार शांतपणे समजावलं, तेव्हापासून विसरलो नाही.

नावात घोळ

ही सगळ्यात सोपी चूक आणि सगळ्यात जास्त होणारी. कॅपा अल्फा सोसायटी ही १८२५ ची, आणि कॅपा अल्फा ऑर्डर ही वेगळीच संस्था, १८६५ ला व्हर्जिनियातल्या लेक्सिंग्टनमध्ये वॉशिंग्टन कॉलेजात सुरू झालेली. फाय कॅपा सिग्मा वेगळी, फाय सिग्मा कॅपा वेगळी, फाय कॅपा साय आणखी वेगळी. नुसतं "कॅपा अल्फा" असं लिहून लिंक दिली की ती कुठे जाईल सांगता येत नाही, म्हणून सेव्ह करायच्या आधी प्रत्येक लिंकवर क्लिक करून बघाच.

कॉलेजांच्या नावांचं तर विचारू नका. मायामी युनिव्हर्सिटी ओहायोतल्या ऑक्सफर्ड गावात आहे. फ्लोरिडात आहे ती युनिव्हर्सिटी ऑफ मायामी. बीटा थीटा पाय १८३९, फाय डेल्टा थीटा १८४८ आणि "सिग्मा काय" १८५५, या तिन्ही ओहायोच्या मायामीत जन्मल्या, यांना मायामी ट्रायड म्हणतात, आणि दरवेळी कोणीतरी येऊन ठिकाणाच्या रकान्यात फ्लोरिडा टाकून जातं. इंडियानातलं डिपॉ आणि शिकागोतलं डिपॉल, तीच गत. वर म्हटलेलं वॉशिंग्टन कॉलेज आता वॉशिंग्टन अँड ली आहे, ट्रिनिटी कॉलेजची १९२४ मध्ये ड्यूक युनिव्हर्सिटी झाली. जुनं नाव लिहायचं की आताचं यावर वाद घालत बसू नका, त्या लेखाच्या चर्चापानावर एकदा ठरवा आणि पूर्ण यादीत तेच ठेवा, अर्धी यादी अशी आणि अर्धी तशी असली की वाचणाऱ्याला वाटतं ही दोन वेगळी कॉलेजं आहेत.

आणि मुलींच्या संस्थेच्या लेखात "फ्रॅटर्निटी" शब्द दिसला म्हणून तो बदलून "सोरॉरिटी" करू नका! पाय बीटा फाय १८६७ ची, कॅपा अल्फा थीटा १८७० ची, तेव्हा सोरॉरिटी हा शब्द वापरातच नव्हता, तो १८८२ मध्ये सिरॅक्यूजच्या गॅमा फाय बीटासाठी तिथल्या लॅटिनच्या प्राध्यापकांनी सुचवला. त्यामुळे काही जुन्या संस्था आजही स्वतःला "विमेन्स फ्रॅटर्निटी" म्हणवतात, ते बरोबर आहे, तसंच राहू द्या.

स्रोत गोल फिरतोय का ते बघा

हे मला मनापासून सांगायचंय कारण यात माझे दोन आठवडे गेलेत. एका संस्थेचं स्थापना वर्ष लेखात एक होतं आणि मला जुन्या वर्तमानपत्रात दुसरं सापडलं. मी बदललं, एकाने उलटवलं, म्हणजे माझा बदल रद्द केला, आणि बदलाच्या सारांशात लिहिलं "चॅप्टरच्या वेबसाइटवर बघा". बघितलं तर खरंच तिथे लेखातलंच वर्ष होतं. मग वेबॅक मशीनवर, जिथे वेबसाइटच्या जुन्या प्रती साठवलेल्या असतात, त्या साइटची जुनी रूपं एकेक करून उघडली, तर आधी तिथे इतिहासाचं पानच नव्हतं, ते नंतर आलं, आणि त्यातली वाक्यं शब्दन्‌शब्द आमच्या लेखातली. म्हणजे लेखाला आधार वेबसाइटचा आणि वेबसाइटला आधार लेखाचा, मूळ माहिती कुठूनच नाही. मी दोन्ही तारखा शेजारी शेजारी चर्चापानावर ठेवल्या, लेखात ते वाक्य कधी आलं ती इतिहासातली नोंद आणि साइटवर कधी आलं तो दिवस, मग ज्याने उलटवलं होतं त्यानेच स्वतः दुरुस्त केलं. त्याच्यावर ओरडलो असतो तर हे झालं नसतं.

मग स्रोत कुठले चांगले? तारखांसाठी बेअर्ड्स मॅन्युअल हे या संस्थांच्या माहितीचं पुस्तक, विल्यम रेमंड बेअर्डने १८७९ ला पहिल्यांदा काढलं, विसावी आवृत्ती १९९१ ची, आणि पुढची माहिती इलिनॉय युनिव्हर्सिटीच्या संग्रहातर्फे ऑनलाइन ठेवलेल्या आल्मनॅकमध्ये मिळते. शिवाय कॉलेजची इयरबुकं, विद्यार्थ्यांची वर्तमानपत्रं, गावातली जुनी वर्तमानपत्रं. संस्थेचं स्वतःचं मासिक तारखेसाठी चालतं, पण "ही संस्था लेख असण्याइतकी महत्त्वाची आहे" हे दाखवायला चालत नाही, त्यासाठी बाहेरच्याने लिहिलेलं लागतं. एकट्या चॅप्टरवर वेगळा लेख लिहायचा मोह होतो, आपल्या कॉलेजचं असतं ना, पण तो बहुतेक वेळा टिकत नाही, त्याऐवजी यादीतली ओळ नीट भरा.

प्रसिद्ध सदस्यांची यादी

इथे नावं टाकायला सगळ्यांना आवडतं आणि स्रोत द्यायला कोणालाच नाही. जिवंत माणसाबद्दल तर नियम फार कडक आहेत, स्रोत नसेल तर नाव लगेच काढलं जातं आणि काढलंच पाहिजे. स्रोत असला तरी चॅप्टर तपासा. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनियर अल्फा फाय अल्फाचे सदस्य. ते मोअरहाउस कॉलेजात शिकले म्हणून लोक तिथलं चॅप्टर लिहून मोकळे होतात, पण त्यांना सदस्यत्व मिळालं १९५२ मध्ये बोस्टनच्या सिग्मा चॅप्टरमध्ये, तेव्हा ते तिथे पुढचं शिक्षण घेत होते. मानद सदस्य असेल तर तसं लिहा, कॉलेजात असताना झालेला सदस्य आणि नंतर मान म्हणून केलेला सदस्य यात फरक आहे.

गुपितं आणि हेझिंग

सदस्य येतात आणि हेझिंगचा, म्हणजे नवीन सदस्यांच्या छळाचा, पूर्ण भाग उडवतात, "आमची बदनामी होतेय" म्हणून. दुसरीकडून कोणी येतं आणि संस्थेचे गुप्त विधी लिहून टाकतं, "मी आत होतो, मला माहितीये". विकिपीडियावर गुप्त म्हणून काही वर्ज्य नाही, पण स्रोताशिवाय काही ठेवताही येत नाही, म्हणून दुसरं जातं आणि पहिलं परत येतं. पेन स्टेट युनिव्हर्सिटीत २०१७ ला बीटा थीटा पायच्या घरात झालेल्या हेझिंगमुळे एका विद्यार्थ्याचा जीव गेला, पेनसिल्व्हेनियाने २०१८ मध्ये कडक कायदा केला, डिसेंबर २०२४ मध्ये देशपातळीवरही हेझिंगविरोधी कायदा झाला. हे लेखात असायलाच हवं, ते एका घरचं मूल होतं. पण लिहिताना भडक शब्द नकोत, कोर्टात काय झालं ते तारखेनिशी द्या, ज्यांच्यावर आरोप सिद्ध झाले नाहीत त्यांची नावं टाकू नका. आणि शंभर-दीडशे वर्षांच्या संस्थेचा लेख चार ओळींचा आणि एका घटनेवर चाळीस ओळी असं झालं तर घटना कापू नका, बाकीचा इतिहास वाढवा.

नातं लपवू नका

माझा मावसभाऊ टेक्सासला शिकत असताना एका दक्षिण आशियाई फ्रॅटर्निटीत होता, मी या कामात आलो तोच त्याच्यामुळे. अशा बऱ्याच संस्था नव्वदच्या दशकातल्या आहेत, बिंगहॅम्टनची आयोटा न्यू डेल्टा १९९४, ह्यूस्टनची डेल्टा फाय ओमेगा ही सोरॉरिटी १९९८, लॉस एंजेलिसची बीटा काय थीटा १९९९, आणि आपली मराठी मुलं-मुली तिकडे शिकायला जातात तेव्हा यांच्याशी गाठ पडतेच. भावाच्या संस्थेच्या लेखात मी स्वतः काही बदलत नाही, चर्चापानावर "माझा भाऊ यात होता, ही दुरुस्ती हवी, हा स्रोत" असं लिहितो, दुसरं कोणीतरी बघून करतं. तुम्ही स्वतः सदस्य असाल तर हेच करा, कमीपणा काही नाही, उलट लोक जास्त विश्वास ठेवतात. एकाच घरातल्या पाच जणांनी एकाच वायफायवरून एकाच लेखात घुसून एकमेकांना पाठिंबा देऊ नका, एकच माणूस पाच खाती चालवतोय असं वाटतं आणि मग निस्तरता निस्तरत नाही. संस्थेच्या नावाने खातंही काढू नका, ते ब्लॉक होतं. आणि एकाच लेखात एका दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा उलटवलंत तर तुम्ही बरोबर असलात तरी ब्लॉक होऊ शकता, दुसऱ्यांदा उलटवावंसं वाटलं की सरळ चर्चापानावर जा.

मराठीत आणताना

मराठी विकिपीडियावर हे लेख आणायचे असतील तर मशीनचं भाषांतर तसंच चिकटवू नका, आधी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, ठेवून मोठ्याने वाचा. फ्रॅटर्निटीचं "बंधुता" होतं, तो तर आपल्या राज्यघटनेच्या उद्देशिकेतला शब्द, त्याचा या संस्थांशी संबंध नाही. चॅप्टरचं "प्रकरण" होतं आणि "या संस्थेची वीस प्रकरणे बंद झाली" असं वाक्य तयार होतं, वाचणाऱ्याला वाटतं कोर्टकचेरी चालू होती. कॉलनीची "वसाहत", रशची (नवीन सदस्य निवडायचा काळ) "गर्दी", ग्रीक लाइफचं (या संस्थांमधलं कॉलेजजीवन) "ग्रीक जीवन". मी फ्रॅटर्निटी आणि सोरॉरिटी तसंच ठेवतो, चॅप्टरला शाखा म्हणतो, प्लेजला, म्हणजे अजून पक्का सदस्य न झालेल्याला, उमेदवार सदस्य. हेझिंगला रॅगिंग म्हटलं तर चटकन कळतं, पण रॅगिंग नवीन आलेल्या कुणाचंही होतं आणि हेझिंग हे संस्थेत प्रवेश मिळवण्यासाठी सोसायला लावतात, हा फरक एका वाक्यात सांगा. "सिग्मा काय" हे नाव वाक्यात आलं की प्रश्न विचारल्यासारखं वाटतं, म्हणून पहिल्यांदा येईल तिथे अवतरणचिन्हात टाका.

टायपिंगची एक चूक मात्र डोळ्यांना दिसतच नाही. ग्रीक ऱ्हो आणि इंग्रजी पी, ग्रीक ईटा आणि इंग्रजी एच, ग्रीक "काय" आणि इंग्रजी एक्स, स्क्रीनवर सारखेच दिसतात, पण कॉम्प्युटरसाठी वेगळे. साध्या कीबोर्डवरून टाकलं की शोधात लेख सापडत नाही. सिग्माऐवजी गणितातलं बेरजेचं चिन्ह आणि ओमेगाऐवजी ओहमचं चिन्ह टाकलेलंही मी बघितलंय. संपादन खिडकीत विशेष चिन्हांखाली ग्रीक विभाग असतो, तिथूनच घ्या.

त्या अकरा ओळींपैकी नऊंना आता पक्के संदर्भ लागलेत, त्यातले चार त्या नवीन मुलानेच शोधले. दोन राहिल्यात, दोन्ही ओहायोतल्या, दोन्ही १९३० च्या दशकात बंद पडलेल्या, आणि ती इयरबुकं ऑनलाइन नाहीत. तिकडे कोणी शिकायला असाल आणि लायब्ररीत जाणं होत असेल तर लेखाच्या चर्चापानावर तेवढं कळवा, वर्ष आणि पान क्रमांक दिला तरी पुरे.