‘कॉल किती वाजता दिलास?’ हे आधी विचारू नका

जेआर वनला, म्हणजे रेसिडेंट डॉक्टर म्हणून पहिल्या वर्षाला असताना माझ्या ड्यूटीवर पहिली मॅटर्नल डेथ (बाळंतपणातला मृत्यू) झाली. पीपीएच, म्हणजे बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव. सगळं आटोपल्यावर मी लेबर रूमच्या बेसिनपाशी धुतलेलेच हात परत परत धूत उभी होते. शेवटी मावशींनी नळ बंद केला आणि चहाचा ग्लास हातात दिला. त्या रात्री मला मिळालेला पीअर सपोर्ट, सहकाऱ्यांचा आधार, तेवढाच.

दोन वर्षांनी माझी ज्युनियर तशीच उभी. मला वाटलं, आपल्याला हे कळतं. अगदी मायेनं विचारलं, “सीनियरला कॉल किती वाजता दिलास? रक्त थांबवायला ऑक्सिटोसिननंतर काय दिलं?” तिनं मिनिटामिनिटाचा हिशोब दिला. मी समजले, मोकळी झाली. अहो, ती केस प्रेझेंट करत होती! पुढे कितीतरी दिवसांनी म्हणाली, “मॅडम, मला वाटलं तुम्ही चौकशीच्या मीटिंगसाठी माझी तयारी करून घेताय.”

हा सापळा नीट समजून घ्या. आपल्याला एकच भाषा येते, राउंडची, पेशंटची माहिती विचारण्या-सांगण्याची. रक्त किती गेलं, ब्लड बँकेत कोण गेलं, हे माता मृत्यू अन्वेषणात विचारणारच आहेत. तुम्ही त्या रात्री विचारू नका. जेवलीस का, रूमवर कोण आहे, पुढची पेशंट मी बघू का, एवढं विचारा. आणि “तुझी काहीच चूक नाही” हेही नको. तुम्हाला ते ठाऊक नसतं, आणि तुम्हाला ठाऊक नाही हे तिला कळतं.

अमेरिकन डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० साली अशा डॉक्टरांना ‘सेकंड व्हिक्टिम’ (दुसरा बळी) म्हटलं. गेलेल्या बाईच्या नवऱ्यासमोर हा शब्द उच्चारू नका, मलाही तो खटकतोच. पण अमेरिकेतल्या मिसूरी विद्यापीठाच्या रुग्णालयांनी त्यावर केलेली आधाराची रचना पटते: आधी युनिटमधलेच सहकारी, मग प्रशिक्षित सोबती, त्याच्यापुढे व्यावसायिक मदत. आपल्याकडे मधली पायरीच गायब. एक दिवसाच्या वर्कशॉपनं आणि सर्टिफिकेटनं ती तयार होत नाही. एचओडींना, म्हणजे विभागप्रमुखांना, तर सोबती करूच नका. कितीही चांगले असले तरी थीसिसवर सही त्यांचीच असते. दुसऱ्या युनिटमधली, एक वर्ष पुढची को-रेसिडेंट सगळ्यात बरी.

एक गोष्ट कडकच सांगते: नंतर केसपेपरला हात लावायचा नाही. वेळ बदलायची नाही, ओळ घुसडायची नाही. राहून गेलेलं लिहायचंच असेल तर आत्ताची तारीख-वेळ टाकून, सही करून.

झोप उडणं, तोच प्रसंग डोळ्यांपुढे येणं, लेबर रूमच्या दारात पोटात गोळा येणं, पहिले काही दिवस हे होतंच. बहुतेकांचं ओसरतं, माझंही ओसरलं. आठवडे उलटूनही तसंच राहिलं किंवा जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं, तर मैत्रिणीवर भागवू नका. सायकियाट्रीत दाखवा, नाहीतर १४४१६ ला फोन करा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन चोवीस तास आहे, मराठीतही बोलतात.

पुढच्या पीपीएचला तिला एकटीला पुढे करू नका, पण बाहेरही काढू नका. माझ्या वेळी सिस्टर नुसत्या शेजारी उभ्या राहिल्या, ड्रिप धरून. बोलल्या काहीच नाहीत.