बैलाले आवतण देता, मग घरच्यांशी बोला ना!

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडे खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढलेल्या बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळायचं आणि म्हणायचं, 'आज आवतण घ्या, उद्या जेवाले या.' हे म्हणताना एकाही बाप्याची जीभ अडखळत नाही. घरात मात्र मुक्यानं जेवायचं अन् उठायचं. म्हणून मनातलं बोलताच येत नाही, हे कारण मला सांगू नका.

आधी जागा पाहा. समोर बसून, डोळ्यांत डोळे घालून बोलणं सिनेमावाल्यांना जमतं. आपल्याकडे हात कामात असले की तोंड मोकळं होतं. शेजारशेजारच्या तासात कापूस वेचताना बोला, नाहीतर गाडीवर मागंपुढं बसून बाजाराला जाताना. सासूबाई चुलीपाशी असताना अजिबात नको.

'प्रेम' वगैरे पहिल्याच दिवशी काढू नका, दोघंही हसाल. घडलेली एक गोष्ट धरा. हरभऱ्याला ओलित करायचं, विजेची लाइन रात्रीची. बायको टॉर्च घेऊन धुऱ्यावर उभी राहते, पायाखाली सापाकिड्याचं भेव. दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणा, 'काल तू संग आलती म्हणून मले धीर होता.' 'तू लय चांगली आहेस' यापेक्षा हे कितीतरी खरं लागतं, कारण ती रात्र तिनंही पाहिली असते.

ती म्हणेल, 'आज काय झालं तुमाले? पिऊन तं नाही आले?' म्हणू द्या. 'गंमत केली' म्हणून माघार घेऊ नका. 'नाही, खरंच' म्हणा आणि वेचत राहा.

बापाला सांगणं सगळ्यांत अवघड. 'बाबा, माझ्या शिक्षणापायी तुमी गोऱ्हा विकला, मले ठाऊक हाय.' ते दुसरीकडे पाहतील, चहा मांडायला सांगतील. तिथंच थांबा, वाढवू नका. सासरी गेलेल्या लेकीचा फोन आला की 'बरी हाय ना?' विचारून लगेच आईकडे देऊ नका. आधी एक वाक्य जास्त बोला: 'तुह्याबिगर घर सुनं वाटते, बाई.' सकाळी मोबाइलवर गुलाबाचं फूल पाठवणं यात मी धरत नाही.

आता भेव. 2017 साली गुलाबी बोंडअळीनं पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीची, बोंडं पोखरली, तेव्हा कित्येक बाप्ये दिवसदिवस पारावर बसून राहिले, पण घरी तोंड उघडलं नाही. अशा वेळी आधी आकडा सांगा: बँकेचं किती, सावकाराचं किती, कृषी केंद्राची उधारी किती. आकडा बाहेर पडला की 'मले भेव वाटते' हे शब्द आपसूक निघतात. हे पोरांसमोर नको, दोघांतच.

आणि कोणी 'माह्यामागं पोरांचं पाहा' असं बोलू लागला तर थट्टेवारी नेऊ नका. सरळ विचारा, 'जीव द्यायचा विचार येते काय?' विचारल्यानं तो विचार डोक्यात भरत नाही. उलट माणूस बोलता होतो. त्याला एकटं सोडू नका. फवारणीचं औषध घरातून हलवा, आणि 14416 लावा. ही सरकारची टेलि-मानस सेवा, 2022 पासून आहे, फुकट आहे, रात्रीबेरात्रीही मराठीत बोलता येतं. नंबर आजच खडूनं दाराच्या मागं लिहून ठेवा.