कायदेकौन्सिलातल्या जुन्या सभासदाचा माग कसा काढावा

‘आमचे पणजोबा कौन्सिलात होते’ एवढ्यावर शोध सुरू करू नका. कौन्सिल म्हणजे इंग्रजी अमदानीतलं प्रांताचं कायदेमंडळ. आधी ते कोणतं ते ठरवा. पुणे, सातारा, रत्नागिरी, खानदेश मुंबई इलाख्यात होते. अमरावती-नागपूरकडचा माणूस मध्य प्रांत व वऱ्हाडच्या कौन्सिलात सापडेल. मराठवाडा निजामाकडे होता आणि कोल्हापूर, सांगली ही संस्थानं. अमरावतीचं नाव मुंबईच्या दप्तरात शोधण्यात आठवडे फुकट जातात.

मग साल पक्कं करा. 1909च्या कायद्याखाली सर्वसाधारण जागांवरचे सभासद नगरपालिका आणि लोकल बोर्डांमार्फत येत. 1919च्या कायद्यानंतर मुंबईत 1920, 1923, 1926 आणि 1930 साली मतदारांनी थेट निवडणूक केली. मताधिकार मात्र थोड्यांनाच होता. 1920 साली काँग्रेसचा बहिष्कार होता, त्यामुळे त्या वर्षी निवडून आलेल्याला काँग्रेसचा उमेदवार म्हणू नका. 1923 साली काँग्रेसमधल्याच कौन्सिलवाद्यांचा स्वराज्य पक्ष उतरला. सभासद निवडलेला की सरकारनियुक्त, हे गॅझेटात बघा. डॉ. आंबेडकर 1927 साली सरकारनियुक्त म्हणूनच आले. मराठ्यांसाठीच्या 7 राखीव जागाही याच काळातल्या.

आता कौन्सिलचे छापील वृत्तांत उघडा. सूचीत आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग बदलतं, आद्याक्षरं उलटसुलट होतात, आणि सरकारी किताब बदलून मधेच रावसाहेबाचा रावबहादूर झालेला असतो. एकाच माणसाची दोन माणसं होतात ती इथेच. मतदारसंघाचं नाव जुळलं तरच नोंद धरा. वृत्तांतात भाषणांपेक्षा प्रश्न आधी वाचा. कुठल्या तालुक्यातली शाळा, कुठला पाट, कुठला मामलेदार याबद्दल सभासद वर्षानुवर्षं विचारतो, यावरून त्याचं खरं काम कळतं. गौरवग्रंथात हे क्वचितच येतं.

ठराव दिसला की तिथेच थांबू नका, कारण ठराव म्हणजे फक्त सरकारला शिफारस. मुंबई कौन्सिलातले एस. के. बोले, म्हणजे सीताराम केशव बोले, यांचा सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव घ्या. तो 4 ऑगस्ट 1923 रोजी मंजूर झाला, सप्टेंबरात सरकारने खात्यांना हुकूम काढला, 1924 साली महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला, आणि तरी तिथे पाणी मिळेना. म्हणून 20 मार्च 1927 रोजी सत्याग्रह करावा लागला. तेव्हा वृत्तांत, सरकारी हुकूम आणि नगरपालिकेचं प्रोसिडिंग बुक (सभांची नोंदवही) अशी तिन्ही कागदं काढा. पहिले दोन महाराष्ट्र राज्य पुराभिलेखागारात मागा, तिसऱ्यासाठी नगरपालिकेत जावं लागतं.

मुंबई कौन्सिलाचं पावसाळी अधिवेशन पुण्यात भरे, म्हणून पुण्याच्या वृत्तपत्रांचे जुलै-ऑगस्टचे अंक चाळा. ‘केसरी’सोबत ब्राह्मणेतर चळवळीचं ‘विजयी मराठा’ही बघा. सभासद ब्राह्मणेतर पक्षाचा असेल तर एकाच पत्रावर विसंबून त्याचं चित्र एकांगी होतं.