कब्सचा इतिहास पेन्सिलने कसा वाचायचा

शिकागो कब्स या बेसबॉल संघाचा इतिहास शिकायला बसाल तेव्हा १८७६ सालापासून सुरुवात करू नका. मी तशीच केली होती. वहीत सालं उतरवली, विजेतेपदं उतरवली: १९०७, १९०८ आणि मग एकदम २०१६. मधली १०८ वर्षं कोरी. त्या कोऱ्या वर्षांवर या शहरातली माणसं एवढा जीव का टाकतात, हे त्या यादीतून मला काही केल्या उमगेना.

उमगलं ते घरमालक आजोबांमुळे. शिकागोच्या उत्तर भागात मी वरच्या मजल्यावर भाड्याने राहायचे, ते खाली. उन्हाळ्यात दुपारी ओसरीवर रेडिओ लावायचे आणि मांडीवर पुठ्ठा घेऊन प्रत्येक खेळी कागदावर टिपायचे. एकदा जिन्यात थांबून मी विचारलं, हे काय लिहिता? त्यांनी माझ्या हातात दुसरी पेन्सिल दिली आणि म्हणाले, आधी लिहायला शीक, मग वाचता येईल. हा लेख म्हणजे त्यांची पद्धत आहे. ती मी जशीच्या तशी देते, कारण बेसबॉल संघाचा इतिहास कळायला याहून सरळ वाट मला सापडलेली नाही.

आपल्याकडच्या माणसाला ही वाट परकी वाटत नाही. माझे बाबा सांगलीत क्लबच्या सामन्यांचे स्कोअरर होते. ते तंबूत टेबलाशी बसून वहीत टिंबं भरायचे, मी पेन्सिलींना टोक काढून द्यायचे. बेसबॉलचा बॉक्स स्कोअर, म्हणजे सामन्याचा आकड्यांतला गोषवारा, ज्यांनी रुजवला ते हेन्री चॅडविक मूळचे इंग्लंडचे आणि आधी क्रिकेटचे वार्ताहर. क्रिकेटच्या वहीची सवय त्यांनी एकोणिसाव्या शतकात या खेळात आणली. म्हणजे दोन्ही वह्या एकाच घरातल्या.

कोऱ्या स्कोअरकार्डावर नऊ ओळी असतात, नऊ बॅटरांच्या, आणि इनिंगांचे उभे रकाने. प्रत्येक घरात एक छोटा चौकोन, टोकावर उभा केलेला. तो म्हणजे मैदान: खालचं टोक म्हणजे ‘घर’, जिथे बॅटर उभा असतो, बाकीची तीन म्हणजे बेस. बॅटर पहिल्या बेसवर पोचला की खालच्या टोकापासून उजवीकडे वर जाणारी एक बाजू गिरवायची. पुढे सरकला की दुसरी. फिरून घरी आला, धाव झाली, की चौकोन भरून काळा करायचा.

आता आकडे. हे पाठच करा, दोन दिवसांत होतात. पिचर (चेंडू टाकणारा) १, कॅचर (बॅटरच्या मागे बसून झेलणारा) २, पहिला बेस ३, दुसरा बेस ४, तिसरा बेस ५, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला) ६, डावीकडचा लांबचा खेळाडू ७, मधला ८, उजवीकडचा ९. चेंडू ज्याच्याकडून ज्याच्याकडे गेला त्या क्रमाने आकडे लिहायचे. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून दुसऱ्या बेसवर दिला, तिथून पहिल्यावर गेला आणि दोघं आउट झाले, तर ६-४-३. स्ट्राइकआउटला (तीन स्ट्राइक होऊन बॅटर बाद) इंग्रजी अक्षर ‘के’, आणि बॅटर बॅट न फिरवता नुसता बघत राहिला असेल तर तेच अक्षर उलटं. चूक झाली की ‘ई’ आणि चूक करणाऱ्याचा आकडा. हा ‘ई’ लक्षात ठेवा, कब्सच्या इतिहासात त्याच्याशी वारंवार गाठ पडते.

पहिलं कार्ड शेवटाकडून भरा: २ नोव्हेंबर २०१६, क्लीव्हलंडविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा, सातवा सामना. चित्रफीत सहज मिळते. पूर्ण सामना जमला नाही तर आठव्या इनिंगपासून घ्या. कब्स मालिकेत ३-१ असे मागे पडून बरोबरीला आलेले, या सामन्यात ६-३ पुढे, आणि मग क्लीव्हलंडच्या राजाय डेव्हिसने होम रन मारून ६-६ केलं. नऊ इनिंग संपल्या आणि पाऊस आला. खेळ १७ मिनिटं थांबला. तेवढ्यात जेसन हेवर्डने सगळ्यांना व्यायामाच्या खोलीत गोळा करून धीर दिला. दहाव्या इनिंगला बेन झोब्रिस्टने डाव्या रेषेलगत फटका मारला, एक धाव आली, पाठोपाठ मिगेल माँटेरोने आणखी एक आणली. क्लीव्हलंडने त्यातली एक फेडली. ८-७, दोन आउट.

इथे चित्रफीत हळू करा. मायकेल मार्टिनेझचा हळू सरपटणारा चेंडू तिसऱ्या बेसकडे येतो. क्रिस ब्रायंट पुढे धावतो आणि चेंडू हातात यायच्या आधीच हसायला लागतो. ओल्या गवतावर फेकताना त्याचा पाय घसरतो, तरी चेंडू नीट पहिल्या बेसवर अँथनी रिझोच्या हातमोज्यात जातो. रिझो चेंडू मागच्या खिशात घालतो आणि मग धावत सुटतो. त्या घरात लिहा: ५-३. एवढंच. हे दोन आकडे लिहायला शहर १०८ वर्षं थांबलं होतं. ते स्वतःच्या हाताने लिहिल्यावर मला जे कळलं ते यादीतून कधीच कळलं नसतं.

मग उलटं जा, थेट २३ सप्टेंबर १९०८ला. मैदान न्यूयॉर्कचं पोलो ग्राउंड्स. जायंट्स आणि कब्स १-१, नववी इनिंग, जायंट्सचे दोन आउट. तिसऱ्या बेसवर मॅककॉर्मिक, पहिल्यावर १९ वर्षांचा फ्रेड मर्कल. ब्रिडवेल मध्यभागी फटका मारतो, मॅककॉर्मिक घरी येतो, प्रेक्षक मैदानात घुसतात. सामना जिंकला असं समजून मर्कल दुसऱ्या बेसला न शिवताच वळतो. कब्सचा जॉनी एव्हर्स, तुमच्या कार्डावरचा ४, चेंडू मागत ओरडत असतो. चेंडू मिळतो, तो बेसवर पाय ठेवतो. नियमाप्रमाणे मर्कलला दुसऱ्या बेसवर जाणं भाग होतं. तो तिसरा आउट ठरला, त्यामुळे धाव रद्द. एव्हर्सच्या हातात आलेला चेंडू मूळचा की दुसराच, यावर अजून वाद आहे.

या प्रसंगातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट तीन आठवडे आधीची आहे. ४ सप्टेंबरला पिट्सबर्गमध्ये हेच झालं होतं, एव्हर्सने हेच अपील केलं होतं आणि पंच हँक ओ’डे यांनी ते फेटाळलं होतं. न्यूयॉर्कला पंचांत ओ’डे होतेच. या वेळी त्यांनी आउट दिला. सामना बरोबरीत धरला, ८ ऑक्टोबरला पुन्हा खेळवला, कब्स ४-२ने जिंकले आणि एका सामन्याच्या फरकाने लीगमध्ये पहिले आले. पुढे डेट्रॉइटला हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. म्हणजे ते विजेतेपद नियम पाठ असलेल्या एका माणसाच्या चिकाटीतून आलं. मर्कलला मात्र लोकांनी जन्मभर टोचलं. त्याचं कार्ड भराल तेव्हा एवढं आठवा की त्या काळी असा फटका बसला की खेळाडू बेसला न शिवता सर्रास निघून जायचे.

जुनी कार्डं शोधताना नावांनी गोंधळायला होईल, म्हणून हे आधीच सांगते. १८७६ साली नॅशनल लीग निघाली तेव्हा या संघाचं नाव व्हाइट स्टॉकिंग्स होतं. नंतर कोल्ट्स. कॅप अॅन्सन हा दीर्घकाळचा कर्णधार गेल्यावर ऑर्फन्स, म्हणजे पोरके. १९०२च्या सुमारास वर्तमानपत्रांनी कब्स म्हणायला सुरुवात केली. कब्सनी टाकून दिलेलं जुनं नाव शहराच्या दक्षिण भागातल्या दुसऱ्या संघाने उचललं, तेच आजचे व्हाइट सॉक्स. १८८०च्या नोंदीत व्हाइट स्टॉकिंग्स दिसले तर ते कब्सचे पूर्वज समजा.

याच अॅन्सनपाशी पुन्हा थांबायला हवं. तो मोठा बॅटर होता, आणि कृष्णवर्णीय खेळाडूंसोबत मैदानात उतरायला नकार देणाऱ्यांतही तो पुढे होता. १८८३ साली टोलेडोच्या मोझेस फ्लीटवुड वॉकरवरून त्याने असाच अडेलपणा केला. पुढे वर्णभेदाची भिंत पक्की झाली आणि १९४७पर्यंत मोठ्या लीगमध्ये टिकली. आपल्या वाचकाला हे समजायला फार कष्ट पडू नयेत. दलित क्रिकेटपटू बाळू पालवणकरांची गोलंदाजी पुण्याच्या हिंदू संघाला हवी असायची, पण त्यांचा चहा बाहेर, वेगळ्या भांड्यात. कब्सच्या कार्डांवर १९५३च्या सप्टेंबरपर्यंत एकही कृष्णवर्णीय नाव नाही. त्या महिन्यात अर्नी बँक्स आणि जीन बेकर आले. बेकर ४, बँक्स ६. ६-४-३ असं लिहिताना हे दोन माणसांचे हात आहेत हे विसरू नका. बँक्स १९ हंगाम खेळले, ५१२ होम रन मारल्या, आणि हंगामोत्तर स्पर्धेचा एकही सामना त्यांच्या वाट्याला आला नाही.

आता शापाची गोष्ट. १९४५च्या वर्ल्ड सिरीजला एका खानावळवाल्याला त्याच्या बोकडासकट मैदानाबाहेर काढलं, त्याने शाप दिला, म्हणून संघ हरत राहिला, असं तुम्हाला प्रत्येक जण सांगेल. ऐकून घ्या, गोष्ट रंगतदार आहे. पण कार्डं समोर घ्या. खेळीगणिक तपशील रेट्रोशीट या संकेतस्थळावर फुकट मिळतो, त्यावरून कार्ड पुन्हा भरता येतं. १९६९चा उन्हाळा भरायला घ्या. ऑगस्टच्या मध्याला भक्कम आघाडी, शेवटी न्यूयॉर्क मेट्सच्या आठ सामने मागे. न्यूयॉर्कला खेळाडूंपुढून काळी मांजर गेली हे सगळ्यांना ठाऊक असतं. कार्डावर वेगळंच दिसतं: रोज तीच नावं. कॅचर रँडी हंडली त्या हंगामात १५१ सामने खेळला, गुडघे वाकवून, घरचे सगळे सामने दुपारच्या उन्हात. माणसं थकली होती.

१९८४, नॅशनल लीगच्या अंतिम मालिकेत सॅन दिएगोविरुद्ध पाचवा सामना, सातवी इनिंग: ई-३. चेंडू लिऑन डरहमच्या पायांमधून गेला. १४ ऑक्टोबर २००३, तशाच मालिकेत फ्लोरिडाच्या मार्लिन्सविरुद्ध सहावा सामना. कब्स ३-० पुढे, वर्ल्ड सिरीज पाच आउटवर. एका प्रेक्षकाने सीमेबाहेर जाणाऱ्या चेंडूला हात लावला आणि पुढची कित्येक वर्षं शहराने त्याला जगणं मुश्कील केलं. त्या इनिंगचं कार्ड भरा. तो प्रेक्षक कुठेच लिहावा लागत नाही. लिहावा लागतो तो ई-६, शॉर्टस्टॉपच्या हातून सुटलेला साधा चेंडू, आणि मग आठ काळे चौकोन. आजोबा ते कार्ड दाखवताना आवाज चढवायचे. त्या मुलाचं नाव माझ्या कागदावर नाही, म्हणायचे. संघाचा इतिहास शिकण्याचं हे कारण मला सर्वांत पटलेलं आहे: दोष ज्याचा नाही त्याच्या माथी तो मारला जाऊ नये.

मैदान कळायला मात्र कार्डं बेताचीच पुरतात. रिग्ली फील्ड १९१४ साली दुसऱ्याच एका संघासाठी बांधलं गेलं, कब्स तिथे १९१६ला आले. रेड लाइनच्या ॲडिसन स्थानकावर उतरलात की समोरच आहे. आत गेल्यावर मध्यभागावरचा १९३७चा धावफलक बघा. माणसं शिडीने आत चढून आकड्यांच्या पाट्या हाताने लावतात. विटांच्या भिंतीवरचा वेलही त्याच सालचा. चेंडू त्यात अडकला तर खेळाडू दोन्ही हात वर करतो, आणि बॅटरला दुसऱ्या बेसपर्यंतच जाता येतं. सामन्यानंतर पांढऱ्या झेंड्यावर निळं अक्षर दिसलं तर विजय, निळ्यावर पांढरं तर हार. रात्रीचे दिवे ८ ऑगस्ट १९८८ला पहिल्यांदा लागले आणि पावसाने सामना वाहून गेला. आजोबांकडे त्या रात्रीचं अर्धवट कार्ड होतं. अधिकृत नोंदीत तो सामना धरत नाहीत, त्यांनी मात्र जपून ठेवलं होतं. तुम्हीही अर्धवट कार्डं टाकू नका.

आजोबा २०१४ साली गेले. त्याआधी २०१२चा हंगाम आम्ही मिळून भरला होता, १०१ पराभव. संघ नव्याने बांधायला घेतला होता, तरणी पोरं येत होती, रिझोचं नाव मी तेव्हाच पहिल्यांदा लिहिलं. २०१६च्या त्या आठवड्यात लोकांनी रिग्लीच्या बाहेरच्या भिंतींवर आपल्या गेलेल्या माणसांची नावं खडूने लिहिली. आजोबांचं नाव मी शेफिल्ड रस्त्याच्या बाजूला लिहिलं, हात पुरेल तितक्या उंचावर.

साहित्याबद्दल शेवटचं. पेन वापरू नका, पंच निर्णय फिरवतात. पेन्सिल दोन घ्या, खोडरबर एक. कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात तारीख, वारा कुठून होता आणि सोबत कोण होतं ते लिहा. रिग्लीवर वारा तलावाकडून आला तर चेंडू मागे ढकलला जातो आणि धावा आटतात, त्यामुळे ती नोंद पुढे कामाला येते. सोबतीची नोंद का करायची, ते आजोबांची पेटी माझ्याकडे आली तेव्हा कळलं. बऱ्याच कार्डांवर कोपऱ्यात त्यांच्या पत्नीचं नाव होतं. नंतरच्या कितीतरी कार्डांवर ती जागा मोकळी. आणि एका जूनच्या कार्डावर, पश्चिमेचा वारा, खाली बारीक अक्षरात: वरच्या मजल्यावरची मुलगी, आज पहिलंच ६-४-३ बरोबर लिहिलं.