बॅटरी बदलण्याआधी मल्टिमीटर लावा

सकाळी चावी फिरवली आणि नुसतं ‘कट कट’ वाजलं, की आपण ‘बॅटरी गेली’ म्हणून मोकळे होतो. जरा दम धरा.

रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर मल्टिमीटर (व्होल्ट, ॲम्पिअर मोजायचं यंत्र) १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर ती भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर उतरलीय. मग जम्प देऊन, म्हणजे दुसऱ्या बॅटरीच्या आधारानं, इंजिन चालू करा, साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवं. आकडा १२.५ च्या वर जाईनाच, तर अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा) किंवा त्याचा बेल्ट बघा. नवी बॅटरी घातली तरी तीही बसणार.

आकडा चांगला, तरी स्टार्टर फिरत नाही? माझं पन्हाळ्यावर ऐन पावसात हेच झालं. मीटरची एक पिन बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर, दुसरी त्यावरच्या क्लॅम्पवर धरली आणि भावाला स्टार्टर मारायला लावला. तिथं जेमतेम ०.२ व्होल्ट यावा, माझ्याकडं तीन! म्हणजे करंट जोडावरच अडत होता. क्लॅम्पच्या आत हिरवट-पांढरी भुकटी साचलेली. गरम पाण्यात खायचा सोडा, तारेचा ब्रश, वरून व्हॅसलीन, एवढ्यात काम झालं. काढताना निगेटिव्ह आधी, लावताना शेवटी.

गाडी रोज रात्रीत उतरत असेल तर निगेटिव्ह वायर काढून ती आणि बॅटरीचा खुंट यांच्या मध्ये मीटर ॲम्पिअरवर लावा, गाडी लॉक करून अर्धा तास थांबा. ५० मिलिॲम्पच्या वर असेल तर एकेक फ्यूज काढत जा. ज्यानं आकडा पडेल, ती लाईन चोर. मीटर तसाच ठेवून स्टार्टर मात्र मारू नका, मीटरचाच फ्यूज उडतो.