दिवस राहत नाहीत? नवऱ्याला घेऊन या

पस्तिशीच्या आत असाल तर वर्षभर, पुढे असाल तर सहाच महिने वाट बघा. पाळी अनियमित असेल तर लगेच या. मी सोनोग्राफीच्या खोलीतली नर्स. बाईच्या सगळ्या तपासण्या होतात आणि साहेबांची वीर्यतपासणी शेवटी, हे नेहमीचंच! ती आधी करा.

पीसीओएसमुळे (संप्रेरकांच्या गडबडीचा आजार) बीज फुटत नसेल तर बहुधा लेट्रोझोलच्या गोळ्या देतात, पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस. मग फॉलिक्युलर स्टडी, म्हणजे बीज किती वाढलं हे बघायची सोनोग्राफी. योनीमार्गे असते, लघवी करूनच या. तांब्याभर पाणी पिऊन नको. फॉलिकल (बीजाची पिशवी) १८-२० मिमीचं झालं की बीज फुटायचं इंजेक्शन, साधारण ३६ तासांनी बीज फुटतं. संबंध त्याच सुमारास.

दोन्ही बीजनळ्या बंद निघाल्या तर गोळ्यांत वेळ घालवू नका, आयव्हीएफचं (टेस्ट ट्यूब बेबीचं) विचारा.