सांगलीत जुनं घर घेताय? इंजिनिअरला बोलावण्याआधी एवढं स्वतः बघा

सांगलीत घर बघायला गेलात की पहिला प्रश्न मालकाला नाही, शेजाऱ्यांना विचारायचा: "आयर्विनला किती फूट झाले की तुमच्या गल्लीत पाणी येतं?" उत्तर आकड्यात मिळतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, २०२१ मध्ये ५५ च्या आसपास. "पन्नासला कोपऱ्यावर येतं" असं कुणी म्हणालं, तर २०१९ ला त्या कोपऱ्यावर ढोबळमानानं पुरुषभर पाणी होतं. मग घराचं जोतं कोपऱ्यापेक्षा किती उंच आहे ते बघायचं. महापालिकेच्या नगररचना विभागात निळी आणि लाल पूररेषाही विचारून घ्या. निळीच्या आत बांधकामाला मनाई असते, निळी आणि लाल यांच्यामध्ये अटी असतात. उद्या वरचा मजला चढवायचा म्हटलं तर ही रेषाच आडवी येते.

पूर येऊन गेलेलं घर रंगवून झाकता येतं, पण पुरतं नाही. मेन स्विच बंद करून खालच्या एखाद्या स्विचबोर्डाची प्लेट उघडायला लावा. आतल्या डब्यात तळाशी सुकलेला बारीक गाळ दिसला, तर पाणी तिथवर आलं होतं. वायरींच्या पाइपातही तोच गाळ असणार, म्हणजे वायरिंग नव्यानं करायचा खर्च धरून चाला. खालच्या चार-पाच फुटांतच नवा गिलावा किंवा वेगळा रंग, सगळे बोर्ड खांद्याच्या वर नेलेले, फ्लश दरवाजाची खालची कड फुगलेली, या खुणाही तेच सांगतात. पूर आला म्हणून घर बाद होत नाही. मालकानं तो लपवला, तर मात्र बाकीच्या बोलण्यावरही विश्वास ठेवू नका.

आता भेगा. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. पाया मुरुमापर्यंत नेला नसेल तर घर दरवर्षी थोडं वर-खाली होतं. म्हणून घर शक्यतो मे महिन्यात बघा, तेव्हा भेगा सगळ्यात रुंद असतात. पाया किती खोल आहे आणि मुरूम लागला होता का, हे मालकाला थेट विचारा.

गिलाव्यावर जाळीसारख्या केसाएवढ्या भेगा असतील तर सोडून द्या, त्या गिलावा लवकर सुकल्यामुळे पडतात. बीमखाली विटांच्या कडेनं गेलेली सरळ आडवी भेगही बहुतेक वेळा फार गंभीर नसते. काळजी करायची ती खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेल्या किंवा विटांच्या सांध्यातून पायऱ्या-पायऱ्यांनी चढणाऱ्या भेगेची. भेगेत एटीएम कार्डाची कड सरकवून बघा. कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाडीचं असतं. एक जेमतेम जात असेल तर नोंद करून पुढे जा. चार कार्डं एकत्र बसत असतील, तर भेग तीन मिलिमीटरच्या पुढे आहे. स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवल्याशिवाय विसार देऊ नका. तीच भेग भिंतीच्या दुसऱ्या बाजूलाही दिसत असेल तर ती गिलाव्याची नाही, भिंतीची आहे.

भिंती धड आहेत पण फरशी मध्ये बसली आहे, स्कर्टिंगखाली बोट जाईल एवढी फट आहे, असंही दिसतं. तो सहसा पायाचा दोष नसतो. जोत्यातला भराव पाणी मारून चोपला नव्हता एवढंच. फरशी काढून भराव दाबून नवी बसवायचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

स्लॅब खालून टॉर्च मारून बघा, आणि टॉर्च छताला समांतर धरा म्हणजे फुगवटा सावलीनं उठून दिसतो. लाकडी दांड्यानं हलकं ठोकत जा. घट्ट काँक्रीट टणटणतं, सुटलेलं भद्द वाजतं. अर्ध्या फुटाच्या अंतरानं समांतर भेगा आणि तांबूस डाग दिसले, तर आत सळया गंजल्या आहेत. गंजलेली सळई जाड होते आणि काँक्रीटला खाली ढकलते. पीओपीचं फॉल्स सीलिंग असेल तर लाइटचा एखादा कटआउट काढून वर बघायला मागा. बाथरूमच्या खाली, टाकीच्या खाली आणि गच्चीच्या पन्हाळीजवळ जास्त वेळ घालवा.

गच्चीवर पाणी तुंबवून चाचणी करा असं सगळेच सांगतात. पण हजार चौरस फूट गच्चीवर दोन इंच पाणी म्हणजे साडेचार हजार लिटरच्या पुढे, ते कुणी विक्रेता करू देणार नाही. त्यापेक्षा पाऊस पडून गेल्यावर दुसऱ्या दिवशी जा आणि डबकं कुठं राहिलंय ते बघा. बाथरूममध्ये मात्र नहाणीच्या जाळीत कापडाचा बोळा घालून इंचभर पाणी रात्रभर ठेवता येतं. सकाळी खालचं छत आणि मागची भिंत बघा.

भिंतीच्या तळाला तीन फुटांपर्यंत पोपडे आणि पांढरा क्षार असेल तर ओल जमिनीतून चढते आहे. ओल आतून येते की हवेतली, याची शंका असेल तर फूटभर प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीनं लावून दोन दिवस ठेवा. थेंब आतल्या बाजूला आले तर ओल भिंतीतलीच.

चौकटींच्या खालच्या वीतभर भागात स्क्रूड्रायव्हर दाबा. तो सहज आत गेला तर वाळवी लागली आहे किंवा लाकूड कुजलंय. पेठेतला जुना वाडा किंवा साताऱ्याकडचं दगडमातीचं घर असेल तर तुळयांची भिंतीत गेलेली टोकं अशीच टोचून बघा, लाकूड आधी तिथंच कुजतं. भिंतीला ओळंबा लावून पोट सुटलंय का तेही बघा. कोयना परिसर भूकंपाचा आहे, ११ डिसेंबर १९६७ चा धक्का सगळ्यांना माहीत आहे. पोट सुटलेली दगडी भिंत अशा ठिकाणी घ्यायची नाही.

वायरिंगमध्ये स्वतः एवढंच करा: आरसीसीबीचं (वीज गळाली की पुरवठा तोडणाऱ्या स्विचचं) टेस्ट बटण दाबा, लगेच ट्रिप झालं पाहिजे. आरसीसीबी नसेलच तर अर्थिंग वायरमनकडून मोजून घ्या. पाण्याच्या टाकीवर खडूनं पातळीची खूण करून, येणारं पाणी बंद ठेवून, घर रिकामं असताना रात्रभर सोडा. पातळी उतरली आणि टाकी, नळ, फ्लश कुठंच गळत नसेल तर गळती भिंतीतल्या पाइपात आहे, आणि टाइल्स फोडायचा खर्च व्यवहार ठरायच्या आधीच बोलायचा.